सुतकात पळालेली बाई

"उद्या पळायचं न्हाई," आबा दारातनंच म्हणाले.

मी मशीनवर बसले होते. उद्याच्या शर्यतीसाठी सलवारीला आतून खिसा लावत होते, गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवायला. पायडलवरचा पाय थांबला.

"का ओ आबा?"

"जनाकाकी गेली. मुंबईला. आत्ताच फोन आला. धा दिवस सुतक."

आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. कधीकाळी पाच वर्षं सरपंच होते, ते मनानं अजून सरपंचच. गल्लीत त्यांचं घर आमच्या बरोब्बर समोर. चौगुल्यांच्या भावकीत कुणाचं लग्न कधी, कुणाची वाटणी कशी, कुणी कुणाच्या दारात जायचं, सगळं त्यांच्या कट्ट्यावर ठरायचं. आणि जनाकाकी म्हणजे त्यांची सख्खी काकू, आम्हाला त्याच्याही पलीकडची. मी तिला आयुष्यात दोनदा पाहिलेलं. एकदा माझ्या लग्नात, तेव्हा ती म्हणाली होती, "पोरगी काळी हाय, पर चालंल." दुसऱ्यांदा ती जमिनीची वाटणी मागायला आली होती.

तरी म्हातारी गेली म्हटल्यावर मी हात जोडले. म्हटलं, "वाईट झालं. पर आबा, उद्याची शर्यत काय लगीन न्हवं, बारसं न्हवं. तिथं नुसतं पळायचं."

"मयताच्या घरातली सून चड्डी घालून रस्त्यानं पळनार?"

"चड्डी न्हाई ओ, सलवार हाय. मीच शिवलीया. ही बघा."

आबांनी सलवारीकडं बघितलं नाही. माझा नवरा दिनकर पंचा खांद्यावर टाकून मागच्या दारातनं आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्याकडं बघून आबा म्हणाले, "आनि ती शर्यत भैरीच्या देवळातनं जाती म्हनं. सुतकात देवळात जानार ही? कुलदैवताला इटाळ करनार? दिनकर, तुझ्या बायकोला सांग. न्हाईतर मला सांगाय लागंल."

चपला वाजवत ते गल्ली ओलांडून गेले. दिनकर तसाच भिंतीला टेकून. देवमाणूस आहे हो माझा नवरा, पण देवासारखाच तोंडानं काही बोलत नाही. शेवटी एकदाचं बोलला.

"मालन, पुढच्या वर्षी पळ की. शर्यत कुठं जातीया?"

आता हे 'पुढच्या वर्षी' म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय तुम्हाला माझा राग कळायचा नाही.

दहावी पास झाले, अकरावीला जायचं होतं. वडील म्हणाले, यंदा भावाची फी भरायची हाय, तुझं पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. बाजारपेठेत शिलाईचं दुकान टाकायचं होतं. यंदा नणंदेचं लगीन, दुकान पुढच्या वर्षी. मग पाळीचा त्रास सुरू झाला. अंगावरचं थांबायचंच नाही. उसाचा सीझन संपू दे, पुढच्या वर्षी मोठ्या डॉक्टरला दाखवू. दाखवलं तेव्हा पिशवी काढण्याशिवाय इलाज राहिला नव्हता. ती काढली आणि वर्षभर मला खाटेवर बसवली. जड उचलू नको, जिना चढू नको, जपून रहा. गल्लीतल्या बायका येऊन म्हणायच्या, "आता काय मालन, तुझं झालं सगळं. आता देवदेव कर." चाळिशी नुकती उलटली होती माझी! मी खाटेवर बसून फुगत गेले. शिवलेले ब्लाउज दुसऱ्यांना बसायचे, माझे मलाच बसेनात.

रेहाना मुल्ला भेटली ती ब्लाउजाच्याच निमित्तानं. शेजारच्याच तालुक्याच्या गावात, हायस्कूलमध्ये खेळाची बाई. माप देता देता म्हणाली, "मालन, तुला बसून बसून गंज चढलाय. उद्या सकाळी माझ्याबरोबर ग्राउंडवर ये."

गेले. पहिल्या दिवशी ग्राउंडचं एक टोकसुद्धा गाठता आलं नाही, बाभळीखाली ओकले. रेहाना म्हणाली, "छान. उद्या परत ये." गेले. मग रोज जायला लागले. गावात हसणारे हसले. ग्राउंडपासून न थांबता आमच्या गावच्या कमानीपर्यंत पहिल्यांदा पळाले त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला बसून हमसाहमशी रडले. उसाचा ट्रॅक्टर थांबवून ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, घरात कुनी वारलं काय?" म्हटलं, "न्हाई बाबा, जा तू." त्याला काय सांगणार? अंग आपलं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं होतं.

आणि आता तालुक्याच्या गावानं ही डोंगरदौड ठेवलेली. तिथल्या हायस्कूलपासून भैरीच्या डोंगरावर चढायचं आणि परत यायचं, पन्नास किलोमीटर. दुपारी दोनच्या आत पोचलं तर पूर्ण, नाहीतर नाही. त्या पूर्ण अंतराला आमच्या भागातल्या बायकांत नाव एकटीचं होतं, माझं.

म्हणून मी दिनकरला म्हटलं, "पुढचं वर्ष मला आजवर कुनी दावलंय का? मी उद्या पळनार."

"आबांच्या शब्दाबाहेर गेलो तर आश्विनीच्या लग्नात भावकी उभी ऱ्हायची न्हाई."

हे मात्र खरं होतं, आणि ते मला लागलं. पोरगी सांगलीला नर्सिंग करत होती, वर्ष-दोन वर्षांत लग्नाची. आमच्याकडं भावकीशिवाय मांडव म्हणजे अळणी आमटी. चुलीपुढं माझी सासू शेंगा फोडत बसली होती. तिला आम्ही आत्ती म्हणतो. ती फार बोलायची नाही. दोन दिवस गप्प राहून तिसऱ्या दिवशी एक वाक्य बोलणारी बाई. मी पळायला लागले तेव्हाही एवढंच म्हणाली होती, "सकाळचं पानी कोन भरनार?" मी त्या दिवसापासून पाणी भरून मग पळायला जायचे. तिला मी विचारलं, "आत्ती, तुमी तर सांगा."

तिनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "माझं कोन ऐकतंय?" म्हणाली, आणि पाठ फिरवली.

तर असं. घरात तीन माणसं, आणि तिन्ही तीन दिशांना तोंड करून जेवली.

सकाळी मी पाणी भरलं, लाडू खिशात टाकले, निघाले. दिनकर जागा होता, पण डोळे मिटून पडलेला. जागा माणूस झोपल्याचं सोंग घेतो तेव्हा त्याचा श्वास फार शहाण्यासारखा चालतो. मी दार ओढून घेतलं.

हायस्कूलच्या ग्राउंडवर गर्दी. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याची मंडळी, हातात चकचकीत घड्याळं, पायात रंगीत बूट. माझ्या पायात रेहानाचे जुने बूट, जरा मोठे, म्हणून दोन-दोन मोजे. रेहाना स्वयंसेवक होती, स्कूटीवरनं पाणी वाटणार होती. माझ्या दंडावर नंबराचं कापड टाचता टाचता म्हणाली, "कुणाच्या मागे लागायचं नाही. घाटापर्यंत बडबड बंद. आणि काल काय झालं घरी? तोंड का असं?"

मी सांगितलं. तिनं टाचणी तोंडातनं काढली. "मग? ठरलं ना तुझं?"

"ठरलंय."

"मग जा. अल्ला आणि भैरी दोघं बघून घेतील."

रस्ता आमच्या गावावरनंच जात होता. कमानीजवळ माणसं जमलेली. पुण्याच्या पोरांना टाळ्या वाजवत होती. मी आले तशा टाळ्या थांबल्या. नळावरची शेवंता ओरडली, "अगं मालन, घरात मयत आनि तू पळतीस व्हय? लाज न्हाई वाटत?"

"मयत मुंबईत हाय शेवंता, मी हितं हाय!" म्हटलं, आणि पुढं गेले. रेहानानं सांगितलेली बडबड-बंदी तेवढी मोडली.

गुऱ्हाळाचा वास, उसाच्या शेंड्यांचा पाला पसरलेला रस्ता, मग काजूची झाडं, आणि मग घाट लागला. चढाला बाकीचे चालायला लागले, मीही चालावं लागलं तिथं चालले, पळता येईल तिथं पळाले. लाडू खाल्ला. मीठ लावलेला आवळा चोखला. पोटऱ्या दगड झाल्या होत्या, पण मन खूश होतं. खालची शेतं दिसत होती, आणि एवढ्या उंचीवर मी स्वतःच्या पायानं आलेली.

अर्धा घाट चढल्यावर रेहानाची स्कूटी आली. तिचा चेहरा उतरलेला.

"मालन, आबांची जीप वर गेली. दोन पुतणे आहेत बरोबर. आणि... दिनकरभाऊजी पण आत बसलेत."

मी तिच्याकडची बाटली घेतली. पाणी पीत उभी राहिले.

"काय करू या?" रेहाना म्हणाली. "थांबतेस का?"

"थांबायचं असतं तर घरात खाट हुती की," मी म्हटलं, आणि बाटली तिच्या हातात दिली.

पण तोंडानं बोलणं वेगळं. त्या उरलेल्या चढाला मला घाम फुटला तो नुसता पळण्याचा नव्हता. खरं सांगते, भीती मला आबांची नव्हती, भैरीची होती. आमचं कुलदैवत ते. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवरनं मी त्यालाच हाक मारली होती. सुतकात देवळात पाऊल टाकायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळलेलं. रात्री मनाची समजूत घातली होती की गाभाऱ्यात थोडंच जायचंय, नुसतं आवार ओलांडायचंय. आता देऊळ जवळ यायला लागलं तशी ती समजूत विरायला लागली. मी मोठ्यांदा देवाशी बोलायला लागले. बेळगावचा एक पोरगा मागनं येत होता, त्याला वाटलं मला ऊन लागलं. "काकू, बऱ्या आहात ना?" म्हणाला. म्हटलं, "बरी हाय. तू हो पुढं, माझं घरचं बोलनं चाललंय."

शर्यतीचा नियम असा होता. देवळाच्या पूर्वेच्या मोठ्या दरवाज्यानं आवारात शिरायचं. तिथं गुरव मनगटाला पिवळा दोरा बांधणार. मग पश्चिमेच्या लहान दरवाज्यानं बाहेर पडून पायऱ्या उतरायच्या, खाली पुन्हा घाटरस्ता. दोरा नसेल तर खाली पोचूनसुद्धा शर्यत धरणार नव्हते.

मोठ्या दरवाज्यात आबा उभे होते. दोन्ही बाजूंना पुतणे, हात पसरून, कबड्डीत उभे राहतात तसे. दिनकर जरा बाजूला, जीपला टेकून. आत आवारात म्हादू गुरव दोऱ्यांचा जुडगा घेऊन उभा होता, तो एकदा माझ्याकडं बघे, एकदा आबांकडं. माझ्या पुढच्या पोराला त्यांनी वाट दिली. मी आले तसे हात परत पसरले.

"थांब," आबा म्हणाले.

थांबले. धाप लागली होती, लगेच बोलता येईना.

"लई झालं तुझं. लोकांनी तोंडात श्यान घातलं आमच्या. बस जीपमधी."

"आबा, मला दोरा बांधून घेऊ द्या. मी गाभाऱ्यात जात न्हाई. लांबनंच पाया पडते."

"सुतकात देवळात पाय टाकायचा न्हाई म्हंजे न्हाई. गुरवाला बी सांगितलंय. आनि ऐक, पोरीच्या आई. ह्यो उंबरा वलांडलास तर चौगुल्यांची भावकी तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई. लगनाला न्हाई, मयताला न्हाई. आश्विनीच्या अक्षता तुमी दोघांनीच टाका."

मी दिनकरकडं बघितलं. तो पुढं आला. मला क्षणभर वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. तो बोलला.

"चल मालन घरी. पुढच्या वर्षी..."

वाक्य त्यानंच अर्धं सोडलं. मला एवढी चीड आली, एवढी चीड आली, की डोळ्यांपुढचं क्षणभर दिसेना. त्याचं तोंड बघवेना म्हणून मान खाली घातली, आणि त्यामुळं मला सगळ्यांचे पाय दिसले.

आबांचे पाय, दोन पुतण्यांचे पाय. तिघांच्याही टाचा त्या काळ्या दगडी उंबऱ्यापासून वीतभर अलीकडं. मागं सरकताना एक पुतण्या अडखळला, तर चटका बसल्यागत पाय उचलून बाजूला झाला. त्यांनाही सुतक होतं! माझ्यापेक्षा जास्त, कारण ती त्यांची सख्खी. अख्खा घाट मोकळा पडला होता, दहा वळणं होती, कुठंही जीप आडवी घालून मला उचलून नेली असती. पण आबांनी नेमकी हीच जागा धरली. त्यांना वाटलं, देवाच्या दारात आलं की ही बाई आपसूक वाकणार. उंबऱ्याच्या आत ते मला हात लावू शकणार नव्हते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मला हसू आलं. रागात हसू आलं की माणसाला बळ येतं बघा.

"भैरीबा," मी आतल्या कळसाकडं बघून मोठ्यांदा म्हटलं, "इटाळ लागत असंल तर तो माझ्या एकटीला लाव. घरच्यांना न्हाई, आनि पोरीला तर न्हाईच न्हाई." आणि डाव्या पुतण्याच्या हाताखालनं वाकले. वीस वर्षं ब्लाउजच्या बाह्या बेतल्यात मी, माणसाच्या काखेखाली किती जागा असते ते मला बघताच कळतं. त्याचा हात माझ्या पाठीवरनं घसरला. मी आत होते.

"धर तिला!" आबा ओरडले.

पुतण्याचा हात उंबऱ्यावरनं आत आला आणि तिथंच थांबला. "आबा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सुतक हाय की ओ!"

आवारातली चार-सहा माणसं फस्सकन हसली. मी हसले नाही. गुरवापुढं हात धरला.

"वैनी, आता मी काय करू?" म्हादू हळूच म्हणाला. "आबा सांगून बसल्यात."

"आबा भाईर हाईत म्हादूदा. मी आत हाय."

त्यानं एकदा दरवाज्याकडं बघितलं. मग पटकन दोरा बांधला, दोन गाठी मारल्या. "गोमूत्र शिंपडून घेईन मागनं," म्हणाला. "जावा. पायऱ्यांवर शेवाळ हाय, जपून."

मी लांबनंच गाभाऱ्याला हात जोडले. आतमध्ये समई जळत होती, नेहमीसारखी. आकाश काही कोसळलं नाही. मागनं आबांचा आवाज येत होता, भावकी, दार, अक्षता. दिनकरचा आवाज नव्हता. मी मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पाय जड झाले असते.

आणि आत्ताच सांगून टाकते, आबांनी शब्द पाळला. आश्विनीच्या लग्नात चौगुल्यांच्या बाजूची खुर्च्यांची ओळ रिकामी राहिली. रेहानानं शाळेतल्या बाया आणून ती भरली. पोरगी रडली, मीही रडले. ते दुःख खोटं नव्हतं. पण उंबरा ओलांडल्याचा पस्तावा मला त्या दिवशीही झाला नाही.

उताराला लोक सोपा म्हणतात, त्यांना एकदा पळायला लावा. गुडघ्यात कुणी खिळे ठोकतंय असं व्हायला लागलं. मोठ्या बुटात पाय पुढं सरकून अंगठ्याचं नख गेलं. घाटाखाली आल्यावर मांडीत गोळा आला तो असा, की मी रस्त्यात आडवीच झाले. रेहाना स्कूटी टाकून धावली, मांडी चोळली, मीठ-लिंबाचं पाणी पाजलं.

तेवढ्यात आबांची जीप आली. आमच्याजवळ आल्यावर हळू झाली. आबांनी काचेतनं मला रस्त्यावर पडलेली बघितली आणि तोंड फिरवलं. मागच्या सीटवर दिनकर होता. त्याचा हात दाराच्या कडीवर होता, हे मी स्पष्ट बघितलं. पण दार उघडलं नाही. जीप गेली.

"ऊठ," रेहाना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ऊठ मालन, नाहीतर मी तुला बडवीन."

उठले. लंगडत, मग चालत, मग पळत. मागनं शर्यतवाल्यांची गाडी लागली, मागं राहिलेल्यांना उचलून नेणारी. आत सात-आठ जण माना टाकून बसलेले. टोपीवाला पोरगा खिडकीतनं म्हणाला, "काकू, बसा आता. वेळ संपत आलाय."

"संपला का?"

"संपत आलाय."

"मग संपल्यावर बोल."

तो हसला आणि गाडी मागं मागं येत राहिली. मला त्या गाडीच्या इंजिनाचा इतका राग आला, की त्या रागावर मी शेवटचे तीन-चार किलोमीटर काढले. कुणी म्हणतं पळताना मन शांत होतं, ध्यान लागतं. लागत असेल. माझं मन त्या दिवशी भांडत होतं. अकरावीसाठी वडिलांशी भांडले, दुकानासाठी दिनकरशी, 'तुझं झालं सगळं' म्हणणाऱ्या गल्लीतल्या एकूणएक बाईशी भांडले. सगळ्यांची उत्तरं देऊन झाली तेव्हा समोर हायस्कूलचं फाटक होतं आणि माईकवरचा माणूस घसा फोडून माझा नंबर ओरडत होता. दोन वाजायला काही मिनिटं कमी होती.

कुणीतरी गळ्यात पदक घातलं. कुणीतरी मनगट धरून दोरा बघितला. मी ग्राउंडच्या मातीत बसले. रडू आलं नाही. भूक लागली होती. रेहानाच्या डब्यातली बिर्याणी मी हातानं खाल्ली, सुतकात मटण! आता म्हटलं, सगळंच झालंय तर हेही होऊ दे.

रेहानानं स्कूटीवरनं गल्लीच्या तोंडाशी सोडलं. "आत येऊ?" तिनं विचारलं. म्हटलं, नको, पुढचं माझं मी बघते.

समोर आबांच्या कट्ट्यावर भावकी जमली होती. सातआठ पुरुष, मध्ये आबा. मी लंगडत आले तसं बोलणं थांबलं. आमच्या पायरीवर दिनकर बसला होता, मान गुडघ्यात. मी पदक ओढणीखाली घातलं नाही. दिसू दे म्हटलं.

दारात आत्ती उभी होती, पदर खोचून.

"थितंच थांब," ती म्हणाली. "आत येऊ नगंस."

देवळातनं आले, घाटातनं आले, त्या गाडीला पाठीवर घेऊन आले, आणि आता हे? ह्या घरात पंचवीस वर्षं पाणी भरलं मी. कट्ट्यावर आबांनी मांडी बदलली, जरा आरामात बसले. मी तिथंच गल्लीत उभी राहिले. तोंडात आलं होतं की आत्ती, मग मी जाऊ कुठं? पण मी बोलले नाही. विनवणी आता कुणाचीच करायची नव्हती. रेहानाकडं जाईन, मशीन घेऊन जाईन, असं मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

आत्ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

लांबच्या वाटेनं आलेल्या माणसावरनं भाकरतुकडा ओवाळतात. बाळंतीण माहेराहून येते तेव्हा, पोरगं पलटणीतनं सुट्टीवर येतं तेव्हा. सुतकात नाही ओवाळत. आणि माझ्यावरनं तर आश्विनीला घेऊन बाळंतीण म्हणून ह्या दारात आले त्यानंतर कुणी कधी ओवाळला नव्हता.

ती गल्लीत उतरली. गुडघे दुखायचे तिचे, तरी उतरली. तुकडा माझ्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवला, त्या रक्ताळलेल्या बुटांवरनं जरा जास्तच फिरवला. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची," पुटपुटली, आणि मग आवाज चढवून, "आनि भावकीची! जळू दे दिष्ट."

"वैनी!" आबा कट्ट्यावरनं उठले. "सुतक हाय!"

आत्ती वळली. त्या बाईला मी एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, पुन्हाही कधी ऐकलं नाही.

"माझा मालक गेला तवाबी सुतक हुतं, भावजी. पाचव्या दिशी तुमच्या दारात सनई वाजली. थोरल्याचा साखरपुडा. मी कपाळ पुसून ह्या दाराआड बसलेली, आनि ती सनई ऐकत हुते. तवा तुमीच म्हनला, लांबची भावकी हाय, तीन दिवस बास झालं. माझा नवरा तुमास्नी तीन दिवसांचा. आनि जनाकाकी आमास्नी धा दिवसांची व्हय?"

कट्ट्यावरचे दोघंतिघं आबांकडं बघायला लागले.

"सून हाय माझी ती," आत्ती म्हणाली. "पन्नास किलोमीटर पळून आलीया."

ओवाळलेला तुकडा लांब फेकायचा असतो, कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून. आत्तीनं हात मागं नेला आणि सगळ्या जोरानं फेकला. तो गल्ली ओलांडून आबांच्या पहिल्या पायरीवर, त्यांच्या चपलांमध्ये जाऊन पडला.

मग तिनं तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि दिनकरच्या खांद्याला कोपर मारलं. "बसलाईस काय? बायकोला हात दे. आत पानी तापलंय."